वनस्पतीजन्य संयुगांची परजीवीविरोधी चाचणी : अर्कापासून औषधापर्यंतचा मार्ग

हिवतापावरील क्विनीन आणि आर्टेमिसिनिन ही दोन महत्त्वाची औषधे मानवाला वनस्पतींकडून मिळाली. क्विनीन, म्हणजे मराठीत रुळलेले कोयनेल, सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये वेगळे करण्यात आले. आर्टेमिसिनिन एका चिनी औषधी वनस्पतीच्या पानांतून १९७२ मध्ये हाती आले. या दोहोंच्या मधल्या दीडशे वर्षांत आणि त्यानंतरही जगभरातील प्रयोगशाळांनी असंख्य वनस्पतींचे अर्क परजीवींवर तपासले. त्यांपैकी रुग्णापर्यंत पोहोचलेली संयुगे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. ‘अमुक वनस्पतीचा अर्क परजीवीनाशक आढळला’ अशी वृत्ते मात्र सातत्याने प्रसिद्ध होत असतात. अशा निष्कर्षाचा नेमका अर्थ काय, तो कोणत्या चाचण्यांवर आधारलेला असतो आणि औषध होण्यासाठी त्यापुढे कोणते टप्पे ओलांडावे लागतात, याचा हा आढावा.

नव्या औषधांची गरज

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण आढळले आणि सुमारे ५ लाख ९७ हजार जणांचा मृत्यू झाला. प्लाझमोडियम फाल्सिपेरम या घातक परजीवीवरील आजचे उपचार आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त औषधांवर उभे आहेत. भारतात ईशान्येकडील राज्यांत आर्टेमेथर व ल्युमेफँट्रिन, तर अन्यत्र आर्टेसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन व पायरिमेथामिन दिले जाते. कंबोडियाच्या पश्चिम भागात आर्टेमिसिनिनला अंशतः दाद न देणारे परजीवी २००८-०९ च्या सुमारास नोंदले गेले. या प्रतिकाराचा संबंध परजीवीच्या ‘केल्च-१३’ या जनुकातील बदलांशी असल्याचे पुढे स्पष्ट झाले आणि असे बदल आता रवांडा, युगांडा यांसारख्या आफ्रिकी देशांतही आढळत आहेत.

काळा आजाराचा इतिहासही हेच सांगतो. लेशमानिया डोनोव्हनी या परजीवीमुळे होणारा आणि वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा हा रोग भारतात प्रामुख्याने बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेश या राज्यांत आढळतो. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कोलकात्यात विकसित केलेल्या युरिया स्टिबामाइनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असंख्य प्राण वाचवले. त्यानंतरची अँटिमनीयुक्त औषधे मात्र शतकाच्या अखेरीस बिहारच्या अनेक भागांत निष्प्रभ ठरू लागली. पुढे मिल्टेफोसिन हे तोंडावाटे घेण्याचे औषध २००२ मध्ये भारतात मान्य झाले आणि नंतर लायपोसोममधील अँफोटेरिसिन-बीची एकच मात्रा देण्याची पद्धत रूढ झाली. रुग्णसंख्या त्यामुळे मोठ्या प्रमाणात घटली असली, तरी हाताशी असलेली औषधे मोजकीच आहेत. एक निष्प्रभ झाले तर त्याची जागा घेणारे दुसरे तयार असावे, यासाठी हा शोध चालू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात सिंकोनाची लागवड १८६० च्या दशकात निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सुरू झाली. अमीबाजन्य आमांशावर इपिकॅक या वनस्पतीच्या मुळातील एमेटीनची इंजेक्शने देण्याचा उपचार लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये कोलकात्यात पुढे आणला. देशी औषधी वनस्पतींचा प्रयोगशाळेतील पद्धतशीर अभ्यास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी रुजवला. कुड्याच्या सालीचा आमांशावरील आणि वावडिंगाचा जंतांवरील पारंपरिक उपयोग महाराष्ट्रातही सर्वपरिचित आहे. कुड्यातील कोनेसिन आणि वावडिंगातील एम्बेलिन या संयुगांवर त्यामुळेच पुढे संशोधन झाले.

या क्षेत्रातील सर्वांत बोधप्रद उदाहरण आर्टेमिसिनिनचे आहे. चीनमध्ये २३ मे १९६७ रोजी सुरू झालेल्या ‘प्रकल्प ५२३’ अंतर्गत तू यूयू यांच्या गटाने पारंपरिक नोंदींतील दोन हजारांहून अधिक औषधी तयारी चाळल्या आणि सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क हिवतापग्रस्त उंदरांवर तपासले. आर्टेमिसिया अॅन्युआच्या अर्काने आरंभी आशा दाखवली. परंतु पुढील प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांच्या ग्रंथात ही वनस्पती उकळण्याऐवजी पाण्यात भिजवून पिळून रस घेण्यास सांगितले होते. उष्णतेने क्रियाशील घटक नष्ट होत असावा, असा तर्क तू यूयू यांनी त्यावरून केला आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी या अर्काने उंदरांतील परजीवींचा पूर्ण नायनाट केल्याचे दिसले. या कार्यासाठी त्यांना २०१५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पती तीच, परीक्षणही तेच. अर्क काढण्याची पद्धत बदलताच निष्कर्ष बदलला.

वनस्पतीची निवड आणि ओळख

चाचणीसाठी वनस्पती निवडण्याचे प्रमुख मार्ग तीन आहेत : पारंपरिक उपयोगाची नोंद, ज्ञात क्रियाशील वनस्पतींशी असलेले कुलसाधर्म्य आणि कोणताही पूर्वग्रह न ठेवता केलेली सरसकट तपासणी. मार्ग कोणताही असो, वनस्पतीची शास्त्रीय ओळख पक्की करणे ही पहिली अट असते. गोळा केलेल्या वनस्पतीचा दाबून वाळवलेला नमुना मान्यताप्राप्त वनस्पतिसंग्रहालयात क्रमांकासह जमा केला जातो, जेणेकरून पुढे कोणालाही तो पडताळून पाहता यावा. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाची पुण्यासह देशभरातील केंद्रे हे काम करतात.

स्थानिक नावांवर विसंबणे किती धोक्याचे असते, हे दवण्याच्या उदाहरणावरून कळते. कोल्हापूरजवळ ज्योतिबाला वाहिला जाणारा सुगंधी दवणा हा आर्टेमिसिया कुळातीलच आहे. परंतु त्याची प्रजाती आर्टेमिसिया पॅलेन्स ही वेगळी आहे. औषधनिर्मितीसाठी वापरले जाणारे आर्टेमिसिनिन आर्टेमिसिया अॅन्युआ या प्रजातीपासून मिळते. त्या प्रजातीतही वाण, लागवडीची जागा आणि तोडणीचा काळ यांनुसार त्याचे प्रमाण बदलते. वाळलेल्या पानांत ते बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणूनच वनस्पतीचा कोणता भाग, कोठून आणि कोणत्या ऋतूत घेतला याची नोंद चाचणीच्या अहवालात अनिवार्य मानली जाते.

अर्क ते शुद्ध संयुग

सावलीत वाळवलेल्या वनस्पतीची भुकटी हेक्झेन, इथाइल अॅसिटेट, मिथेनॉल आणि पाणी अशा चढत्या ध्रुवीयतेच्या द्रावकांत क्रमाने भिजवली जाते. मेदासारखे पदार्थ पहिल्या द्रावकात, तर शर्करायुक्त घटक व टॅनिन शेवटच्या द्रावकांत उतरतात. प्रत्येक अर्क परजीवीवर तपासून जो क्रियाशील आढळेल त्याचे वर्णलेखन पद्धतीने आणखी अंश केले जातात आणि प्रत्येक अंशाची पुन्हा चाचणी होते. परीक्षणाच्या निकालाचे बोट धरून पुढे जाणाऱ्या या पद्धतीने अखेर एक शुद्ध संयुग हाती येते. वस्तुमान वर्णपटमापन आणि चुंबकीय अनुस्पंदन यांच्या साहाय्याने त्याची रचना निश्चित केली जाते.

येथे दोन अडचणी नेहमी येतात. पहिली म्हणजे अनेक महिन्यांच्या कष्टानंतर हाती आलेले संयुग आधीच ज्ञात असल्याचे आढळते. ते टाळण्यासाठी आरंभीच्या अंशांचीच ज्ञात संयुगांच्या माहितीसंग्रहाशी तुलना केली जाते. दुसरी म्हणजे शुद्धीकरण वाढत जाते तशी क्रियाशीलता कधी कधी नाहीशी होते. संयुग अस्थिर असणे किंवा मूळ परिणाम अनेक घटकांच्या एकत्रित क्रियेचा असणे, ही त्याची कारणे असू शकतात.

परजीवीवरील प्रत्यक्ष चाचणी

फाल्सिपेरमची मानवी तांबड्या रक्तपेशींत अखंड वाढ करण्याची पद्धत विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी १९७६ मध्ये सिद्ध केली आणि हिवतापविरोधी संयुगांच्या चाचणीला वेग आला. ३७ अंश सेल्सिअस तापमानात, ऑक्सिजनचे प्रमाण कमी ठेवून वाढवलेल्या परजीवींना संयुगाच्या उतरत्या क्रमाच्या मात्रा दिल्या जातात. दोन ते तीन दिवसांनी जिवंत परजीवींचे प्रमाण मोजले जाते. गिम्सा रंगद्रव्याने रंगवलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, परजीवीच्या डीएनएशी बांधले जाऊन चमकणारे रंजकद्रव्य वापरणे किंवा परजीवीच्या विशिष्ट विकराची क्रिया मोजणे, असे त्याचे पर्याय आहेत.

परजीवींची वाढ निम्म्यावर आणणाऱ्या मात्रेला ‘आयसी-५०’ म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितके संयुग प्रभावी. चाचणी औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या अशा दोन्ही वाणांवर केली जाते, कारण केवळ संवेदनशील वाणावरील यशाला आजच्या परिस्थितीत मर्यादित महत्त्व आहे. सोबत ज्ञात औषध आणि केवळ द्रावक अशा दोन तुलना ठेवणे बंधनकारक असते. बहुतेक वनस्पतीजन्य संयुगे डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवली जातात आणि त्याचे प्रमाण जास्त झाल्यास परजीवी त्यानेच मरू शकतात.

लेशमानियाच्या बाबतीत परजीवीची कोणती अवस्था तपासली, हा प्रश्न निर्णायक ठरतो. वाळूमाशीच्या आतड्यात वाढणारी, शेपटीसारख्या कशाभिकेने पोहणारी अवस्था प्रयोगशाळेत सहज वाढते. रुग्णाच्या शरीरात मात्र हा परजीवी भक्षकपेशींच्या आत गोलसर अवस्थेत राहतो. पहिल्या अवस्थेवर प्रभावी ठरलेले संयुग भक्षकपेशीत शिरू शकेलच असे नाही. पेशीतील अवस्थेवर चाचणी न करता काढलेला निष्कर्ष त्यामुळे प्राथमिकच मानला जातो.

विषारीपणा आणि निवडकता

परजीवी मारणे कठीण नसते. यजमानाला इजा न करता तो मारणे कठीण असते. म्हणून तेच संयुग सस्तन प्राण्यांच्या पेशींवरही तपासले जाते. अशा चाचण्यांसाठी लागणाऱ्या प्रमाणित पेशींचा पुरवठा देशभरातील संशोधकांना पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संग्रहातून होतो. निम्म्या निरोगी पेशींना अपाय करणाऱ्या मात्रेला परजीवीवरील आयसी-५० ने भागले की निवडकता निर्देशांक मिळतो. समजा, एखादे संयुग मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम मात्रेत परजीवींची वाढ निम्म्यावर आणते आणि निरोगी पेशींना ६० मायक्रोग्रॅमला अपाय करते, तर त्याचा निर्देशांक ३० होईल. साधारणपणे हा निर्देशांक किमान १० असल्याशिवाय संयुग पुढे नेले जात नाही. तो १ च्या आसपास असेल, तर ते संयुग औषध नसून केवळ पेशीविष आहे, असे समजावे.

विकरांचा अवरोध

संयुग परजीवीला कसे मारते, हे कळले तर त्यात सुधारणा करता येते. परजीवीच्या जीवनक्रिया विकरे, म्हणजेच एन्झाइम, चालवतात. जे विकर परजीवीला अत्यावश्यक आहे आणि मानवात एकतर नाही किंवा वेगळ्या रचनेचे आहे, ते औषधाचे उत्तम लक्ष्य ठरते. ट्रिपॅनोथायोन रिडक्टेज हे त्याचे ठळक उदाहरण. लेशमानिया आणि त्याच्या कुळातील परजीवी ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून बचावासाठी या विकरावर अवलंबून असतात, तर मानवी पेशी त्याच कामासाठी ग्लुटाथायोन रिडक्टेज वापरतात. या जोडीतील पहिल्याला रोखून दुसऱ्याला मोकळे ठेवणारे संयुग शोधणे, हे अनेक चाचण्यांचे उद्दिष्ट असते. हिवतापाच्या परजीवीत हिमोग्लोबिनचे विघटन करणारी फाल्सिपेन ही विकरे आणि फोलेट चक्रातील डायहायड्रोफोलेट रिडक्टेज ही अशीच लक्ष्ये आहेत. वर उल्लेखिलेले पायरिमेथामिन याच शेवटच्या विकराला रोखते. मात्र विकरातील मोजक्या बदलांनी परजीवीने त्यालाही चकवले आहे.

वनस्पतीजन्य संयुगांनी या दिशेने दोन महत्त्वाचे धागे दिले. दक्षिण अमेरिकेतील वृक्षांत आढळणाऱ्या लॅपकॉलसारख्या नॅफ्थोक्विनोनांच्या अभ्यासातून पुढे अॅटोव्हाक्वोन हे हिवतापविरोधी औषध तयार झाले. ते परजीवीच्या श्वसनसाखळीतील सायटोक्रोम बीसी-१ या संकुलाला रोखते. चिनी वैद्यकातील चांगशान या वनस्पतीतील फेब्रिफ्युजिन हिवतापावर प्रभावी होते, पण त्याच्या दुष्परिणामांमुळे ते औषध म्हणून रुजले नाही. ते प्रोलिल-टीआरएनए सिंथेटेज या विकराला रोखते, हे २०१२ मध्ये उलगडले. त्यामुळे परजीवीच्या या विकरावर अधिक नेमके बसणारे संयुग रचण्याची दिशा मिळाली.

प्रयोगशाळेत शुद्ध विकर, त्याचे क्रियाद्रव्य आणि संयुग एकत्र ठेवून क्रियेचा वेग मोजला जातो. संयुग क्रियाद्रव्याशी जागेसाठी स्पर्धा करते की विकराच्या अन्य भागाला चिकटते, हे क्रियाद्रव्याचे प्रमाण बदलून ठरवले जाते. विकरावरील आयसी-५० हा प्रयोगाच्या परिस्थितीनुसार बदलतो. म्हणून दोन प्रयोगशाळांच्या निकालांची तुलना करताना अवरोध स्थिरांक अधिक विश्वसनीय मानला जातो. संगणकावर संयुगाची प्रतिमा विकरात बसवून पाहण्याची पद्धत निवडीसाठी उपयुक्त आहे, पण तो पुरावा नव्हे. त्याचप्रमाणे परीक्षानळीत विकर रोखणारे संयुग परजीवीलाही त्याच मार्गाने मारते, हे वेगळे सिद्ध करावे लागते. ते विकर परजीवीत जादा प्रमाणात तयार करवले असता संयुगाचा प्रभाव घटला, तर लक्ष्य तेच असल्याला पुष्टी मिळते.

फसवे निकाल

वनस्पतीजन्य संयुगांच्या चाचण्यांत खोटी आशा निर्माण होण्याची कारणे आता बरीच स्पष्ट झाली आहेत. टॅनिन आणि अन्य पॉलिफिनॉल जवळपास कोणत्याही प्रथिनाला चिकटतात. त्यामुळे ते प्रत्येक विकराचे ‘अवरोधक’ ठरतात. काही संयुगे पाण्यात सूक्ष्म गोळे तयार करतात आणि विकर त्यांत अडकून निष्क्रिय होते. चाचणीच्या द्रावणात अल्प प्रमाणात सौम्य निर्मलक मिसळताच असा परिणाम नाहीसा होतो. म्हणून ही साधी पडताळणी आवश्यक मानली जाते. काही संयुगे स्वतःच रंगीत किंवा चमकणारी असल्याने उपकरणाच्या मोजणीत गोंधळ घालतात.

हळदीतील कर्क्युमिन हे याचे बहुचर्चित उदाहरण आहे. अनेक विकरांवर आणि परजीवींवर त्याचे परिणाम नोंदले गेले. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त प्रसिद्ध झालेल्या विस्तृत समीक्षेने मात्र हे संयुग अस्थिर, शरीरात अत्यल्प शोषले जाणारे आणि चाचण्यांत फसवे संकेत देणारे असल्याचे दाखवले. शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही काटेकोर, दुहेरी अंध चाचणीत त्याचे यश सिद्ध झालेले नाही, असे त्या समीक्षेचे म्हणणे होते. हळदीचे आहारातील स्थान त्याने कमी होत नाही. परंतु परीक्षानळीतील परिणाम आणि औषध यांतील अंतर त्यातून दिसते.

प्राण्यांवरील चाचणी आणि पुढील टप्पे

परीक्षानळीत टिकलेले संयुग संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या परवानगीने प्राण्यांवर तपासले जाते. हिवतापासाठी उंदरांवरील चार दिवसांची दमन चाचणी आणि काळा आजारासाठी हॅमस्टरवरील चाचणी प्रचलित आहे. संयुग तोंडावाटे शोषले जाते का, यकृतात किती लवकर नष्ट होते, रक्तात परिणामकारक पातळी किती काळ टिकते, याची उत्तरे येथे मिळतात. बहुसंख्य संयुगांची वाटचाल याच टप्प्यावर थांबते. त्यानंतर विषशास्त्रीय तपासण्या आणि २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार मानवी चाचण्यांचे टप्पे येतात. शुद्ध संयुगाऐवजी प्रमाणित अंश औषध म्हणून आणण्यासाठी २०१५ पासून ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा स्वतंत्र वर्ग उपलब्ध आहे. त्यात किमान चार घटकांची ओळख व प्रमाण सिद्ध करावे लागते.

भारतात लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था १९५१ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. आर्टेमिसिनिनपासून तयार केलेले आर्टिइथर हे गंभीर हिवतापावरील इंजेक्शन हे तिचे परिचित योगदान आहे. लखनौच्याच केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने आर्टेमिसिया अॅन्युआचे भारतीय हवामानात वाढणारे वाण विकसित केले.

ज्ञान आणि संपत्तीवरील हक्क

वनस्पती आणि तिच्या उपयोगाचे ज्ञान ज्यांनी जपले, त्या समुदायांचा हक्क हाही या संशोधनाचा भाग आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार भारतातील जैविक संसाधनांवर आधारित शोधासाठी स्वामित्वहक्क मिळवताना चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी संबंधित तरतुदी पाळाव्या लागतात. लाभांच्या न्याय्य वाटपाचा नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ रोजी जागतिक पातळीवर अमलात आला. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेला स्वामित्वहक्क वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या हरकतीनंतर १९९७ मध्ये रद्द झाला. या अनुभवातून पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाची निर्मिती झाली.

निष्कर्ष वाचताना

‘वनस्पतीचा अर्क परजीवीवर प्रभावी’ असे वाचनात आल्यास काही प्रश्नांची उत्तरे शोधावीत : परिणाम अर्काचा आहे की शुद्ध संयुगाचा, आयसी-५० किती, निरोगी पेशींवर चाचणी झाली का, परजीवीची कोणती अवस्था व कोणता वाण वापरला, प्राण्यांवर परिणाम टिकला का, आणि अन्य प्रयोगशाळेत तो पडताळला गेला का.

घरगुती वापरासाठी अशा निष्कर्षांचा आधार घेणे धोक्याचे आहे. आर्टेमिसियाच्या पानांचा चहा किंवा भुकटी हिवतापावर घेऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. त्यातील औषधाचे प्रमाण अनिश्चित असते, ते बहुधा अपुरे पडते आणि अपुरी मात्रा परजीवीच्या प्रतिकाराला खतपाणी घालू शकते. ताप आल्यास रक्ततपासणी करून घेणे आणि दिलेल्या गोळ्यांचा पूर्ण क्रम संपवणे, हाच हिवतापावरील सुरक्षित उपाय आहे. त्या गोळ्यांतील आर्टेमिसिनिनही अखेर वनस्पतीतूनच आले; फरक एवढाच, की त्याची मात्रा, शुद्धता आणि सुरक्षितता वर सांगितलेल्या प्रत्येक कसोटीतून पार पडलेली आहे.